कायेंटाचे चार

१२ ऑक्टोबर २०१९, शनिवार. टॉरी गावातल्या मोटेलमधून आम्ही निघालो तेव्हा वर्लन हेकॉकच्या जॅकेटच्या आतल्या खिशात तीन हजार आठशे पन्नास डॉलर रोख होते. ते त्याच्या भावाच्या, लमारच्या, मोटरसायकलसाठी होते.

लमारच्या आजारपणात, २००३ साली, ती विकावी लागली. लमार त्याच हिवाळ्यात गेला. गाडी तीन हातांतून फिरून अॅरिझोनातल्या कायेंटाच्या एल्सी बिलागोडी यांच्या शेडमध्ये पोचली, हे वर्लनला २०१९च्या उन्हाळ्यात कळलं. एल्सीबाई शाळेची बस चालवायच्या. फोनवर त्यांनी सरळ सांगितलं होतं, "शनिवारी चार वाजेपर्यंत ठेवते. चारला फ्लॅगस्टाफचा एक व्यापारी ट्रेलर घेऊन येतोय. तुम्ही नसलात तर त्याची."

आमच्या गावाहून, कनाबहून, कायेंटा तीन तासांवर. पण वर्लनला लांबच्या वाटेनेच जायचं होतं: ब्राइस, कॅपिटल रीफ, मग कॅन्यनमधून खाली. भावाबरोबरची शेवटची फेरी याच वाटेने झाली होती. मी कनाबमध्ये लोकांचे कर भरून देतो आणि दर ऑक्टोबरला वर्लनबरोबर मोटरसायकल काढतो, म्हणून मीही होतो. गाडी बंद पडलेली होती, ती न्यायला त्याची मुलगी दुसऱ्या दिवशी पिकअप घेऊन येणार होती.

वर्लन त्याच्या चर्चच्या नियमांचा पक्का माणूस. दारू नाही, कॉफी नाही, शिवी नाही. वाटेत हँक्सव्हिलला मी थांबलो तर म्हणाला, "कॉफी प्यायची म्हणून थांबायचं, मग ती प्यायली म्हणून थांबायचं. तुझ्या देवाने तुला मूत्राशय दिलंय की चहाची बशी?"

"तुझ्या देवाने मला असा सोबती दिलाय, ते बघ आधी," मी म्हणालो.

त्याची बावीस वर्षं पेज गावच्या धरणावर नोकरीत गेली. राहायला कनाबला, म्हणजे युटात, काम अॅरिझोनात. युटासकट बहुतेक राज्यं मार्च ते नोव्हेंबर घड्याळ एक तास पुढे ठेवतात; अॅरिझोना ठेवत नाही. त्यामुळे त्या महिन्यांत सकाळी राज्याची हद्द ओलांडली की मनगटावरचं घड्याळ एक तास मागे, संध्याकाळी परतताना एक तास पुढे. फोनवर त्याचा विश्वास नव्हता. निवृत्तीनंतरही सवय सुटली नाही.

मोकी डगवेचा कच्चा घाट उतरून, मेक्सिकन हॅट हे गाव मागे टाकून आम्ही मॉन्युमेंट व्हॅलीजवळ अॅरिझोनाची हद्द ओलांडली. वर्लनने मोटरसायकल कडेला घेतली, हातमोजा काढला आणि घड्याळाचा काटा फिरवला.

"सव्वा दोनचे सव्वा एक झाले. चल, आता निवांत जेवू."

माझ्या फोनला रेंज नव्हती. रस्त्याकडेला एका बाईच्या टपरीवर मटणाचा रस्सा आणि तळलेली पोळी घेतली. कार्ड चालत नव्हतं, माझ्याकडे रोख नव्हती. वर्लनने खिशातल्या पैशांतली पन्नासची नोट मोडली. तेवीस डॉलर झाले. मग तो लाल सुळक्यांकडे बघत लमारबद्दल बोलत बसला. मी घाई केली नाही.

एल्सीबाईंच्या दारात पोचलो तेव्हा त्याच्या घड्याळात तीन चाळीस झाले होते. त्या पायरीवर बसल्या होत्या.

"वेळेच्या आधी आलो, एल्सीबाई," वर्लन म्हणाला.

"कुठल्या वेळेच्या? पाच वाजत आलेत."

वर्लनने मनगट पुढे केलं. त्यांनी ते पाहिलंही नाही. "ते अॅरिझोनाचं. अॅरिझोनात असला तरी हा नवाहो लोकांचा मुलूख आहे. आम्ही घड्याळ पुढे करतो, तुमच्या युटासारखंच. इतकी वर्षं शेजारी राहता आणि एवढं माहीत नाही?"

वर्लनचा चेहरा उतरला. "गेली का?"

"चारला द्यायला मी तयार होते. घेणारा आला नाही."

गाडी शेडमध्ये होती. टाकीवर लमारने हाताने रंगवलेला गरुड, एक पंख दुसऱ्यापेक्षा मोठा. वर्लन तिच्यापाशी उकिडवा बसला आणि बराच वेळ उठला नाही.

पैसे मोजताना तेवीस कमी भरले. मी म्हटलं, एटीएममधून आणतो.

"नको," एल्सीबाई म्हणाल्या. "ही चालू झाली की हिच्यावर बसून या आणि द्या. बघायची आहे मला, चालते का ते. आमच्या घरात ती कधीच चालली नाही."

तेवढ्यात ट्रेलर आला. फ्लॅगस्टाफचा माणूस उतरला, घड्याळ बघून खूश झाला. "चारला पाच कमी! उशीर होईल असं वाटलं होतं."

"तुमच्या फ्लॅगस्टाफला, अॅरिझोनाच्या वेळेने, चारला पाच कमी," एल्सीबाई म्हणाल्या. "माझ्या स्वयंपाकघरात पाचला पाच कमी. गाडी विकली. पाणी प्या आणि जा."

वर्लन मान खाली घालून हसला. मग काटा एक तास पुढे केला.

इंजिन दोनदा उघडून झालंय. गिअरबॉक्सचं एक चक्र अजून मिळत नाही. एल्सीबाईंचे तेवीस डॉलर द्यायचे आहेत.