मी न बोललेलं

घशाला सूज आली होती आणि डॉक्टरांनी अजिबात तोंड उघडायचं नाही असं बजावलं होतं. म्हणून ऑफिसला रजा टाकून मी गावी आले होते. आमचं गाव नाशिकला लागूनच. घरचा झेंडू, शेवंती, थोडी मेथी-कोथिंबीर, आणि हे सगळं आई रोज सकाळी पंचवटीत नेऊन विकते.

त्या दिवशी आई बाजारातून लवकर आली. टेम्पोतून रिकामी क्रेट उतरवून घ्यायलाही ती थांबली नव्हती. दारातच उभी राहिली आणि म्हणाली, "काय बोललीस तू आमच्याबद्दल?"

मी हातानेच विचारलं, काय?

तिने मोबाइल माझ्या हातात दिला. मी जिथे बातम्या सांगते त्या आमच्या चॅनेलचा व्हिडिओ होता. नदीकडे उतरणारी गल्ली, दोन्ही बाजूंना बसलेल्या फुलवाल्या, आणि वरून माझा आवाज. "नमस्कार नाशिककर! रस्ता अडवून बसणाऱ्या या बायकांना शिस्त लावणार तरी कोण? देवदर्शनाला आलेल्या माणसानं चालायचं कुठून?" मध्येच एक हिरव्या साडीतली पाठमोरी बाई दिसली. ती आईच होती.

मी घाईघाईने टाइप केलं, 'मी नाही.' आईने ते सावकाश वाचलं.

"मग कोन?"

मी पुन्हा पुन्हा व्हिडिओ लावला. आवाज माझाच होता. 'शिस्त' म्हणण्याआधी घेतलेला छोटा श्वाससुद्धा माझाच होता. आणि मी तर कितीतरी दिवसांत पाण्याच्या गुळण्यांशिवाय घशातून काहीच काढलं नव्हतं.

हे चॅनेल ज्याने काढलं तो कॉलेजात मला दोन वर्षं पुढे होता. सगळे त्याला दादा म्हणायचे, मीही म्हणायचे. एकांकिकेच्या तालमीत मी 'आणि' म्हणायला गेले की 'आनी' निघायचं आणि पोरं हसायची. दादा हसला नाही. पुढे त्याने चॅनेल सुरू केलं तेव्हा मला बोलावून घेतलं आणि म्हणाला, "तुझं बोलणं घासूनपुसून शहरी करू नकोस. बातमी वाचणारे खूप आहेत. तू सांग. घरी आईला सांगतेस ना, तशी सांग."

मी तसंच करत आले. माइकसमोर बसले की आई समोर बसली आहे असं धरून चालायचे. धरणातून पाणी सोडलं, द्राक्षाचा भाव पडला, कुठला रस्ता बंद आहे, सगळं आईला सांगायचे.

ऑफिस कॉलेज रोडला, एका दातांच्या दवाखान्याच्या वर. खालच्या मशीनची घरघर रेकॉर्डिंगमध्ये यायची, म्हणून डॉक्टर जेवायला गेले की आमची धावपळ सुरू व्हायची. सुरुवातीला आम्ही तिघंचौघंच होतो. दिवसभर एकच प्रश्न, किती लोकांनी पाहिलं? साध्या बातमीला 'पाहून थक्क व्हाल' असं शीर्षक दिलं की आकडा वर चढायचा. मला ते आवडायचं नाही, पण लोक रस्त्यात थांबवून "तुम्हीच ना त्या?" असं नुसत्या आवाजावरून विचारायचे, ते आवडायचं. दादा आमच्या घरी जेवायलाही आला होता. आईने त्याला मांडे करून घातले. "पोराला मोठं मन हाय," असं ती म्हणाली होती.

मग भागीदार आले, मोठी जागा आली, आवाज बंदिस्त राहील अशी काचेची खोली आली. त्या उन्हाळ्यात दादाने मला काही दुपारी त्या खोलीत बसवलं आणि वाक्यं वाचायला दिली. बातम्या नव्हत्याच त्या. "आज मी बाजारात जाणार नाही." "किती सुंदर फुलं आहेत ही!" "तुम्ही माझं ऐकत का नाही?" एकेक वाक्य आधी आनंदाने, मग रागाने, मग काळजीने.

"हे कशाला?" मी विचारलं.

"नवीन माइक आहे. आणि तुझा सरावही होतो," तो म्हणाला.

काचेपलीकडून तो हात हलवायचा, अजून एकदा. "जरा मायेनं म्हण," असं हेडफोनमध्ये सांगायचा. नाटकात काम करताना मला कोणी इतका वेळ दिला नव्हता. मी जीव ओतून वाचलं. घरी जाताना खूप हलकं वाटायचं.

आवाज थोडा फुटायला लागला तशी मी ऑफिसला गेले. दादाने खुर्ची पुढे केली. "बस ना. चहा सांगू?"

"तो व्हिडिओ कोणी केला?"

"तू आजारी होतीस. बातम्या तर थांबवता येत नाहीत. म्हटलं एकदा वापरून बघू."

"काय वापरून?"

त्याने स्क्रीन माझ्याकडे वळवली. टाइप केलं, 'दादा, मी आता बरी आहे.' बटण दाबलं. आणि माझ्या आवाजात ते वाक्य खोलीभर ऐकू आलं, गोड, प्रेमळ, काचेच्या खोलीतल्या दुपारींसारखं. मी मात्र समोर घोगऱ्या घशाने बसले होते. पहिलं पाऊल टाकणारं बाळ दाखवावं तसा तो माझ्याकडे बघत होता.

"मशीन आहे हे ओळखू येतं का, सांग?"

"त्या बायकांत माझी आई आहे," मी म्हणाले.

त्याचा चेहरा उतरला. "खरंच माहीत नव्हतं गं. ते लिहिलेलं बाहेरून आलं होतं, जाहिरातीचं काम होतं. आणि ती पाठमोरी आहे."

"तू तिच्या हातचं जेवलायस."

त्याने स्क्रीन परत स्वतःकडे वळवली. मग म्हणाला, "व्हिडिओ काढून टाकतो. आत्ताच."

"आणि आवाज?"

"तो आता माझ्या एकट्याच्या हातात राहिलेला नाही." तो म्हणाला, "अगं, यात तुझाही फायदाच आहे. तू दमलीस तरी तुझं काम सुरू राहील."

मी उठले आणि जिना उतरले. मोठ्याने भांडायला घशात ताकद नव्हती, याचं मला अजूनही वाईट वाटतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी आईबरोबर बाजारात गेले. तिच्या शेजारी तुळशीचे हार विकणारी मावशी बसते. लहानपणी मी तिच्या टोपलीमागे झोपायचे. तिने माझ्याकडे मान वर करून पाहिलं नाही.

"मावशी, ते मी नाय बोलले," मी म्हणाले.

"आवाज तर तुजाच व्हता."

"आवाज माझा, पण बोललं मशीन. त्यांनी माझा आवाज मशीनमधी घातला."

"आसं कसं व्हईल?" तिचे हात दोऱ्यावर चाललेच होते. पलीकडची एक जण म्हणाली, मोबाइलमधी काय बी करता येतं आता. तिसरी म्हणाली, नाव झालं की मानसं अशीच फिरत्यात. तेव्हा आई उभी राहिली आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाली, "माजी पोरगी खोटं बोलत नाय. ज्याला पटत नसंल त्यानं माज्याशी बोलू नये."

मावशीने एक हार बाजूला ठेवला आणि मला बसायला पोत्याचा कोपरा मोकळा करून दिला. बाकीच्या आपापल्या गिऱ्हाइकांकडे वळल्या.

परतताना आम्ही टेम्पोत मागे बसलो होतो. गाव जवळ आलं तशी आईने माझा हात धरला आणि हळूच विचारलं, "खरंच तू नाय ना बोललीस?"

मी नाही म्हणून मान हलवली. तिने हात सोडला नाही, पण ती रस्त्याकडे बघत राहिली. दादावर खरा राग मला तेव्हा आला.

मी नोकरी सोडली. तो व्हिडिओ चॅनेलवरून गेला, तरी लोकांच्या मोबाइलमधून अजून फिरतो. आवाज तर चॅनेलवर रोजच बोलतो, पाऊस, रस्ते, भाव सगळं सांगतो. वकिलाला भेटले, तो म्हणाला लढता येईल पण वेळ लागेल. कोर्टात अर्ज केला आहे. सध्या एका रोपवाटिकेच्या ऑफिसात काम करते, शेतकऱ्यांचे फोन घेते.

मध्यंतरी दादा एका मिसळीच्या हॉटेलात भेटला. आपणहून माझ्या टेबलावर आला. "राग गेला का? ये की परत," तो म्हणाला. "आता कॅमेऱ्यासमोर बस. बोलायचं टेन्शनच नाही, फक्त चेहरा हवाय."

मी त्याच्याकडे बघितलं. तो खरंच मनापासून बोलावत होता. काचेपलीकडून हात हलवतानाही तो असाच दिसायचा, आणि मला वाटायचं, हा माझं ऐकतो आहे.

"नको," मी म्हणाले, आणि पाव संपवला.