डायनामोवरचा शेंदूर

भिलाईचा कारखाना उभा राहत होता, तेव्हा मी सर्व्हे पार्टीची व्हॅन चालवायचो. मागे झोपायच्या फळ्या, पंखा, दिवे; सगळं बॅटरीवर. अहिवाऱ्याकडे मोजणीला गेले की साहेबलोक त्यातच मुक्काम करत. आमच्या सात पिढ्यांत कोणी मोटारीत पुढे बसलं नव्हतं. ती ड्रायव्हरची सीट मला जिवापाड प्यारी होती.

वर्कशॉपचा हेड मिस्त्रीही माझ्यासारखा विदर्भातलाच. दर शनिवारी तो प्रत्येक गाडीचं बॉनेट उघडून, मारुतीचं नाव घेऊन बॅटरी चार्ज करणाऱ्या डायनामोला तेलातला शेंदूर थापायचा आणि ड्रायव्हरांना टिळा लावायचा. आम्ही नुकतेच बौद्ध झालो होतो. मी टिळा नाकारला आणि त्यानं माझ्यावर डूख धरला.

पुढे माझ्या गाडीची बॅटरी उतरायला लागली, गाडी वाटेत बंद पडायला लागली. मिस्त्री सगळ्यांसमोर म्हणाला, "याच्या हातानं गाडी बाटली. चार्ज कुठून होईन?" लोक हसले. साहेबांनी मला बजावलं, पुन्हा गाडी बंद पडली तर खोदकामावर पाठवीन.

मी टर्मिनल घासले, बॅटरीत पाणी भरलं, कटआउटचे पॉइंट साफ केले. तरी इंजिन रेस केलं की चार्जिंगच्या मीटरचा काटा उणेकडेच. शेवटी डायनामो फिरवणाऱ्या पट्ट्यावर बोट फिरवलं, तर बोट लाल. शेंदराचं तेल पट्ट्यावर उतरत होतं, पट्टा पुलीवर घसरत होता, डायनामो धड फिरतच नव्हता. बाकी गाड्यांवर पंख्या-दिव्यांचा भार नव्हता, म्हणून त्यांचं भागत होतं. पेट्रोलच्या फडक्यानं पुसल्याबरोबर काटा अधिककडे गेला. हे तिथेच ओरडून सांगता आलं असतं. नाही सांगितलं. डूख धरायला मलाही येत होतं, आणि मला तो माणूस भर उन्हात हवा होता.

शनिवारी साहेबांना म्हणालो, "मिस्त्रींना सोबत घ्या. त्यांच्या डोळ्यांदेखत काय होतं ते पाहू." मिस्त्रीनं त्या दिवशी मुद्दाम दुप्पट शेंदूर थापला. मी निघाल्यापासून मागचा पंखा चालूच ठेवला. जामुल गावाच्या पुढे, जिथे झाडाची सावली नाही अशा ठिकाणी, गाडी आचके देत बंद पडली.

मिस्त्री बॉनेटमध्ये डोकं घालून घामाघूम झाला. त्याला काही सापडेना.

"पट्ट्याले हात लावून पाहा," मी म्हणालो.

त्यानं लावला. हात बाहेर काढला तो लालभडक. साहेबांनी हाताकडे पाहिलं, मग त्याच्या कपाळावरच्या शेंदराकडे, आणि माझं फडकं त्याच्या हातात दिलं. पट्टा त्यानंच पुसला.

बॅटरी पार उतरलेली, म्हणजे ढकलणं आलं. "मी बसतो, तू ढकल," मिस्त्री म्हणाला.

"ड्रायव्हर मी आहो."

साहेबांनी होकाराची मान हलवली आणि ते मागे फळीवर जाऊन बसले.

गाडी पहिल्याच धक्क्याला सुरू झाली असती. पण क्लच सोडल्याशिवाय इंजिन सुरू होत नाही, आणि मी क्लच दाबून ठेवला. आरशात तो दिसत होता, टिळा ओघळून नाकावर आलेला. मला फार बरं वाटत होतं.

"जोर लावा, मिस्त्री," मी मागे वळून म्हणालो, "बाटलेली गाडी जड राह्यते."

रस्त्याचं वळण येईपर्यंत मी क्लच सोडला नाही.