एका रकान्यात दोन बायका

ती पुस्तिका दिसली की अजूनही माझं डोकं फिरतं. पहिला राग माझ्यावरच येतो, बाकीच्यांचा नंबर त्यानंतर.

ऐंशीच्या दशकातली गोष्ट. आम्ही मिशिगनमध्ये, नोव्हाय शहराच्या पलीकडे एका लहानशा गावात राहत होतो. हे मोटारींच्या कंपनीत इंजिनियर. माझ्या इतिहासातल्या एम.ए.ला तिथे कोण विचारतंय, म्हणून मी गावाच्या इतिहास मंडळात व्हॉलंटियर करायला लागले. गाव वसवणाऱ्या पहिल्या कुटुंबावर मंडळ पुस्तिका काढणार होतं. वंशावळीचं काम माझ्या गळ्यात पडलं, कारण कोर्टाच्या तळघरात बसून ती किरटी अक्षरं लावायला दुसरं कोणी तयार नव्हतं.

त्या घराण्यातल्या शेवटच्या बाई आमच्या शेजारीच राहायच्या. ऐंशी उलटलेल्या. मी त्यांना मनातल्या मनात आजीबाईच म्हणायची. त्यांची आजी ही त्या मूळ पुरुषाची थोरली लेक. पण तिला वाढवलं मावशीने, दुसऱ्या गावात. का, ते घरात कोणी सांगायचं नाही. आईला मुलगी नकोशी होती, तिने टाकली, अशी कुजबुज मात्र होती. आजीबाई मला म्हणाल्या, "एवढं शोधून दे मला. खरं काय ते कळू दे."

मी शोधलं, काय डोंबल शोधलं! लग्नाच्या रजिस्टरात नवरीचं एक नाव होतं. पुढच्या शिरगणतीत त्याच माणसाच्या घरात बायकोचं नाव वेगळं. मला क्षणभरही शंका आली नाही. लग्नात नाव बदललं असणार, त्यात काय! माझं नाही का बदललं? माझं माहेरचं नाव सासूबाईंच्या नणंदेचं होतं, घरात एका नावाच्या दोघी नकोत, म्हणून यांनी ताटातल्या तांदळात अंगठीने दुसरंच नाव लिहिलं आणि मी त्या नावाला ओ द्यायला शिकले. वयात तीन वर्षांचा फरक पडत होता, तोही मी शिरगणतीवाल्याच्या माथी मारला. दोन्ही नावं एकाच रकान्यात टाकली. खाली आठ मुलं, आणि म्हातारपणी झालेला मृत्यू.

छपाईला जाण्याआधी मी तो कागद कौतुकाने आजीबाईंना दाखवला. त्यांनी दोनदा वाचला. मग म्हणाल्या, "म्हणजे बाकीची सगळी वाढवली तिने. माझ्या आजीलाच तेवढी टाकली." आणि आत निघून गेल्या.

मला चैन पडेना. दुसऱ्याच दिवशी गावच्या चर्चमध्ये जाऊन दफनाची वही काढायला लावली. ती आधी पाहिलीच नव्हती. म्हातारी होऊन गेलेल्या बाईचं दफन इतक्या जुन्या वहीत कशाला शोधायचं? पाचव्या पानावर ती सापडली. लग्नाच्या रजिस्टरातलं नाव, अमक्याची बायको, वय वीस, मागे नऊ दिवसांची मुलगी. बायकांची नावं इथे बदलत नव्हती. बायकाच बदलल्या होत्या. स्वतःच्या दोन थोबाडीत माराव्यात असं वाटलं मला.

तशीच मंडळाच्या अध्यक्षांकडे गेले. प्रिंटरकडे मजकूर गेलाय, आता काही बदलता येणार नाही, असं ते म्हणाले. मी म्हटलं, एक चिठ्ठी तरी चिकटवा आत, मी टाइप करते. ते हसले. "दोघी त्याच्याच बायका ना? कोणाला फरक पडतो? आणि चूक तर तुमचीच आहे." तळपायाची आग मस्तकात गेली माझ्या, पण चूक खरंच माझी होती.

घरी येऊन यांच्यावर बरसले. हे म्हणाले, "सोड गं, त्यांच्या घरातल्या भानगडी. तू कशाला जिवाला लावून घेतेस?" मी विचारलं, "अहो, तांदळात नाव लिहिण्याआधी मला विचारलं होतंत?" यांनी टीव्ही लावला.

दफनाच्या वहीतल्या त्या पानाची झेरॉक्स मी आजीबाईंना नेऊन दिली. माझी चूक कबूल केली. त्या रागावतील म्हणून मी तयार होते. त्यांनी नऊ दिवसांच्या मुलीवर बोट ठेवलं आणि बराच वेळ उचललं नाही. "मेली होती बिचारी," त्या म्हणाल्या, आणि त्यांच्या चेहऱ्यावर इतकं समाधान होतं की मलाच रडू आलं. "आता पुस्तकात बरोबर येईल ना?" मी हो म्हटलं. तोंडावर खोटं बोलले.

पुस्तिका जशीच्या तशी निघाली. त्याच हिवाळ्यात आजीबाई गेल्या. अंत्यविधीला चर्चमध्ये अध्यक्ष बोलायला उभे राहिले, हातात तीच पुस्तिका. गाव वसवणाऱ्या, आठ मुलं वाढवणाऱ्या थोर माउलीची ही पणती, असं त्यांनी वाचून दाखवलं. लोक माना डोलावत होते. ती झेरॉक्स माझ्या पर्समध्ये होती. मी उठायला लागले तेव्हा यांनी माझा हात दाबला, आणि मी बसून राहिले.