रिकाम्या घरातली मुलाखत

परदेशी पार्सलांच्या काउंटरवर दहाएक वर्षं काढल्यावर तिनं जागतिक स्थलांतर या विषयात एम.ए. करायचं ठरवलं, तेव्हा घरचे हसले. दिसेल त्याला प्रश्न विचारायच्या खोडीमुळे लहानपणापासून तिचं नाव 'चौकशी' पडलं होतं. "आता चौकशीला पदवी मिळणार," दादा म्हणाला. पण खोकं तिच्या ताब्यात देताना माणसं त्यावरून एकदा हात फिरवायची, ते तिच्या मनात घर करून राहिलं होतं.

प्रबंधासाठी तिनं एक गल्ली निवडली. दुमजली, नवीकोरी घरं आणि निम्म्या घरांत चिटपाखरूही नाही. मालक समुद्रापार; दिवे, पडदे, कुलपं, सगळं तिकडून मोबाइलवर चालायचं. भर दुपारी एखाद्या खिडकीचा पडदा सरकायचा आणि आत कोणीच नसायचं.

त्यातला एक मालक मुलाखतीला तयार झाला, पण एका अटीवर. तिनं त्याच्या घरात बसून बोलायचं. कुलूप त्यानं तिकडून उघडलं, शेजारच्या काकू तिला आत घेऊन आल्या. "याची आई गेली इथे," त्या हळूच म्हणाल्या. "तेव्हा कागदपत्रं अडकली होती. आला असता तर परत जाता आलं नसतं. नाही आला." आणि त्या गेल्या.

छताच्या कोपऱ्यातल्या कॅमेऱ्यातून आवाज आला, "सोफ्यावर नको. खिडकीजवळच्या खुर्चीत बसा, तिथून नीट ऐकू येतं."

ती बसली. माणूस भला होता. तळघरातली पहिली खोली, रात्रपाळ्या, आपल्या भाषेत भांडायला कोणी नाही म्हणून आरशाशी केलेली भांडणं, सगळं त्यानं मोकळेपणानं सांगितलं. असा माणूस मिळायला भाग्य लागतं, असं वाटून ती पुढच्या आठवड्यात पुन्हा गेली.

"गार वाटत असेल. पाठीशी शाल आहे, घ्या."

गार वाटत नव्हतं, पण भीड मोडवेना. तिनं शाल घेतली.

तिसऱ्या खेपेला तो म्हणाला, "मान जरा खाली." तिनं ती खाली घातली. मग तिनं काही विचारलं नाही, त्यानंही काही सांगितलं नाही. कॅमेऱ्यातून फक्त श्वास ऐकू येत राहिला. तिला उठवत नव्हतं. ऊन भिंतीवर चढलं तेव्हा कुठे ती भानावर आली.

घरी रेकॉर्डिंग ऐकायला बसली. बराच वेळ शांतता. मग एक थकलेला, ओढलेला आवाज: "जेवलास का रे?"

"हो," तो म्हणाला.

तिनं मागे नेऊन पुन्हा ऐकलं. खोलीत ती एकटीच होती. त्याला तर ती अहो-जाहो करायची.

विभागातल्या मॅडमनी कानाला लावून ऐकलं आणि सहज विचारलं, "शेजारी कोण म्हातारी बसली होती?"

चौथ्यांदा ती गेली, पण बसली नाही. "आज उभ्यानंच बोलते. एकच प्रश्न. आता कागदपत्रं झाली आहेत, मग तुम्ही येत का नाही?"

"आई इथून रोज दिसते," तो म्हणाला. "तिथे आलो तर दिसणार नाही."

"रोज? मी तर आठवड्यातून एकदाच येते."

पडदा सावकाश बंद होऊ लागला. ती तडक बाहेर पडली.

काकू फाटकाशीच होत्या. तिनं सगळं सांगितलं, तरी त्यांच्या चेहऱ्यावरची रेषाही हलली नाही.

"तू नसतेस तेव्हा त्या खुर्चीत मी बसते," त्या म्हणाल्या. "माझीही दोन्ही मुलं तिकडेच. ती कुठे बघतात? हा बघतो. बरं वाटतं गं."

"काकू, मग त्या दिवशी तो आवाज तुमचा होता का?"

"मी बाजारात गेले होते. यायला संध्याकाळ झाली."

प्रबंध पुरा झाला, पदवीही मिळाली. काकूंची मुलाखत तिनं घेतली, ती मात्र त्यांच्या स्वतःच्या घरी. फक्त 'जेवलास का रे?' हे एक वाक्य कोणाच्या नावावर लिहायचं, हे तिला शेवटपर्यंत ठरवता येईना. मॅडम म्हणाल्या, "अनोळखी स्त्री असं लिही." तिनं तसंच लिहिलं.