गवताची गाठ

राजपुऱ्यातल्या सगळ्यात भित्र्या माणसाला बक्षीस द्यायचं ठरलं असतं, तर ते पत्रावळीवाल्या मावशींनाच मिळालं असतं. आणि याच मावशींनी आमच्या गल्लीतल्या निम्म्या पोरींना जंगल शिकवलं. गावात टांगा दिसला की त्या कुणाच्याही ओट्यावर चढत. गाय आडवी आली की मला पुढे ढकलत. पण होडीतून तापी ओलांडली, जैनाबाद मागे पडलं आणि टेकड्यांचं जंगल लागलं, की बाईंचा पदर कमरेला खोचला जाई.

'जंगल शिकवणं' हा शब्द मात्र त्यांनी कधी काढला नाही. कोणती आई पोरीला जंगल शिकायला पाठवील? पळसाची पानं आणायला मात्र सगळ्या पाठवत, वर भाकरीही बांधून देत. मावशी पंगतींच्या पत्रावळी लावून पोट भरणाऱ्या, एकट्या. थंडीतल्या दर रविवारी आठ-दहा पोरी घेऊन त्या निघत. पान तोडण्याआधी वारा कुठून येतोय, आत्ता कोण पक्षी ओरडला, आपल्या आधी इथून कोण गेलं, हे सांगावं लागे. उत्तर चुकलं की लोणच्याची फोड बंद. माणसांना त्या सरसकट अरेतुरे करत, अगदी शेठजींनाही. पण जनावरांना अहोजाहो. नाल्याकाठच्या पावलांपाशी वाकून म्हणत, "अस्वलसाहेब पाणी पिऊन गेले. घाईत नव्हते."

वाट त्यांनी कधी दाखवली नाही. "मले काय माहीत वं? मी तं तुमच्या मागं आली!" म्हणून त्या सगळ्यांच्या मागे चालत. पुढे चालणारीला मागून सांगायचं नाही, हा त्यांचा कायदा. एकदा माझ्यामुळे आम्ही दुपारभर भरकटलो, तर बाईंनी खडकावर बसून चाळीसेक पत्रावळी लावल्या, पण हूं की चूं नाही. आधार एकच. जाताना वळणावळणावर प्रत्येकीनं उंच गवताला आपली गाठ मारायची आणि येताना आपापली सोडायची. गाठ शिल्लक राहिली म्हणजे एक पोरगी मागे राहिली. मावशी आपली गाठ सगळ्यात शेवटी सोडत.

मालगुजाराचं, म्हणजे जमीनदाराचं, जंगल सरकारजमा झालं, तेव्हा हे सगळं संपणार असं वाटलं. जबलपूरकडून नवा जंगलगार्ड आला. मावशींनी कचेरीत खेटे घालून पास काढला होता, पण त्यावर 'महिला एक' एवढंच. "पास एक औरत का है, ये दस लड़कियाँ कहाँ से आईं?" गार्ड गरजला. आता पोरी जंगलात दिसल्या तर पासही रद्द करीन, म्हणाला. मावशी शांतपणे, अस्वलाशी बोलावं तशा अदबीनं म्हणाल्या, "साहेब, मी कुठं आणल्या? त्याच मले घेऊन आल्या." तो चिडला आणि आम्हा सगळ्यांना चौकीवर घेऊन निघाला. स्वतः पुढे.

पहिल्याच नाल्याशी तो चुकीच्या बाजूला वळला. आम्ही एकमेकींकडे पाहिलं, पण कायदा तो कायदा. तासाभरानं आम्ही जिथून निघालो त्याच खडकापाशी परत आलो. मावशी बसल्या आणि पत्रावळी लावू लागल्या. गार्डानं दोन वाटा चाचपल्या, टोपी काढून घाम पुसला आणि अगदी हळू आवाजात विचारलं, "चौकी किधर है, बाई?"

"पोरीहो, साहेबांले घरी नेऊन सोडा."

चौकी आमच्या येण्याच्या वाटेवरच होती; गाठी सोडत सोडत आम्ही त्याला तिथं पोचवलं. पुढच्या रविवारी तो वाटेवरच उभा होता. आम्हाला वाटलं, संपलं. त्यानं आमच्या गाठी नीट मोजल्या आणि मान खाली घालून म्हणाला, "मेरी भी एक लगा दो." पासाचं नाव पुन्हा कुणी काढलं नाही.

माझं लग्न ठरलं, सासर दूर इंदूरला. शेवटच्या रविवारी मी पहिल्या वळणावरची माझी गाठ सोडायला गेले, तर मावशींनी हात धरला. "राहू दे. आलीस की सोडजो." मी हसले. गवताची गाठ किती दिवस टिकणार?

माहेरी येणं व्हायचं, पण सणावारी, दोन दिवसांपुरतं. जंगलात जाणं काही जमलं नाही. मावशी विचारत नसत. फक्त निघताना दारात उभ्या राहत. त्या गेल्याचं कळलं आणि मी आले, तेव्हा शेजारची धाकटी म्हणाली, "ताई, तुझी गाठ मावशी दरसाल नवी बांधायची. आम्हाले हात नव्हती लावू देत."

दुसऱ्या दिवशी तिला घेऊन गेले. पहिल्या वळणावर वाळक्या गवतात एकच गाठ होती, मावशींच्या पद्धतीची, दुहेरी. मला रडू आवरेना. इतकी वर्षं ही बाई माझी वाट बघत होती आणि मी दोन दिवसांच्या वर कधी राहिले नव्हते. मी गाठ सोडली. मग शेजारच्या झुबक्याला मावशींच्या नावाची एक बांधली, आणि धाकटीला पुढे घालून तिच्यामागून घरी आले.