बशीवरचा रुमाल

सपारुआ बेटावरची वेलमिन्स सुकी मासळी विकायची, पण समुद्रात पाऊल टाकत नसे. नवरा वादळात बुडाला तेव्हापासून तिने पाण्याचा धसकाच घेतला होता. एकुलती लेक योसिना समोरच्याच नुसालाउत बेटावर दिलेली. पण तिचं घर आईनं कधी पाहिलं नव्हतं.

प्रार्थनेच्या मेजावर घरोघर असते तशी तिच्याकडेही पांढरी बशी होती. चिंता देवाला सांगायची, बशीत नाणं ठेवायचं, वर पांढरा रुमाल घालायचा. रविवारी बशी चर्चमध्ये न्यायची. तोवर रुमालाला हात लावायचा नाही. झाकलं म्हणजे देवावर सोपवलं. वेलमिन्सला मात्र राहवत नसे. येता-जाता ती टोक उचलून बघे.

शेजारची डोर्चे वयानं मोठी, म्हणून सगळे तिला ऊसी म्हणत. ती चिडवायची, "काय गं, देव नाणं घेऊन पळाला का?"

"पळाला नाही ना, तेवढंच बघते."

पूर्वेच्या वाऱ्यानं समुद्र खवळला असतानाच योसिनाचा दीर एलियास बोट घेऊन आला. "मावशी, चला. वहिनीला कळा सुरू झाल्यात. घाबरून सुईणीला जवळच येऊ देत नाही. आई हवी म्हणते."

भित्रेपणा लेकीनं आपलाच उचलला, हे वेलमिन्सला उमगलं. तिने बशीत नाणं ठेवलं. "देवा, माझी पोर आणि माझी भीती, दोन्ही सांभाळ." रुमाल घातला. सवयीनं हात टोकाकडे गेला, तसा तिने मागे ओढला.

"ऊसी, कुलूप लाव नि किल्ली तुझ्याकडे ठेव. मी परत आत गेले, तर उचलीनच."

बोटीत ती डोळे मिटून, एलियासचा शर्ट मुठीत धरून बसली. दातावर दात आपटत होते, तरी स्तोत्र म्हणत होती.

"मावशी, शर्ट फाटेल!"

"फाटू दे. दुसरा शिवून देईन. तू पुढं बघ."

नखशिखांत भिजलेल्या आईला दारात बघून योसिना कळा विसरली. "आई, तू पाण्यावरून आलीस?"

"मग काय उडून येणार? देवानं मला आणलं, तुलाही सोडवील. धर सुईणीचा हात."

ऊन कलायच्या आत नात झाली.

बारसं उरकून वेलमिन्स त्याच बोटीनं परतली, एलियासचा नवा शर्ट मुठीत धरून. किनाऱ्यावर डोर्चे उभी होती.

"रविवारी बशी मीच चर्चला नेली. रुमाल उचलला नाही हं!"

"मी विचारलं का?" वेलमिन्स हसली.