हरल्यावर घालायचा शर्ट

आमच्या दोन घरांत भिंत एकच, तीही मातीची. त्यामुळे दिराच्या घरातलं भांडण ऐकायला मला कान लावावा लागला नाही.

"तुमनं वय काय शे?" भिकुबाई, माझी धाकटी जाऊ, नवऱ्याला विचारत होती. "पाठवर आकडा लिसन गावभर हिंडतस. आकडा बैलले ऱ्हास, मानूसले नही."

"मंग माले बैल समज," चुडामण म्हणाला. "बैलले कोनी वय तरी इचारत नही."

"इचारतस. बाजारमा दात मोजतस."

चुडामणचे पुढचे दोन दात तेव्हाच पडलेले होते. त्याला स्वतःलाच हसू आलं आणि भांडण तेवढ्यावर मिटलं.

भांडण होतं एका पिवळ्या शर्टावरून. ब्राझील नावाचा कुठला देश आहे, तिथले फुटबॉलवाले घालतात तसला, पाठीवर नऊ आकडा. शिरपूरच्या बाजारातून चुडामणने तो आणला तेव्हा त्याची पन्नाशी आली होती. लहानपणी तो तीन वर्षं भुसावळला मामाकडे होता. मामा रेल्वेत. तिथल्या मैदानावर त्याला बॉलचं वेड लागलं. मग शेतात हात कमी पडायला लागले, माझ्या सासऱ्यांनी त्याला परत आणलं. पोरगा आला, बॉल तिकडेच राहिला. मी तेव्हा नवी नवरी. तो दोन दिवस जेवला नव्हता, एवढं मला आठवतं.

गावाने त्या शर्टाला फार नावं ठेवली. मला त्याचं हसू यायचं. आमच्या गावात साठी उलटलेले आबा, नाना कपाशीच्या बियाण्याचं नाव छातीवर घेऊन फिरतात. खताच्या कंपनीची टोपी घालून मयतीला जातात. त्याला कोणी काही बोलत नाही, कारण ते फुकट मिळालेलं असतं. चुडामणने पदरचे पैसे घातले, म्हणून तो वेडा. मी दुसरी शिकलेली बाई, मला हा हिशेब काही समजला नाही. मोठ्या माणसाने असा शर्ट घालावा की नाही, ते मोठी माणसं ठरवोत. त्याच्या अंगावर तो बरा दिसायचा, पोट सोडलं तर.

पण त्याची एक रीत होती. त्याचा संघ जिंकला तर शर्ट पेटीत. हरला की दुसऱ्या दिवशी अंगात. "वैनी, जिकल्यावर कोनीबी घालस," म्हणायचा.

ह्याच रीतीने एकदा घात होता होता राहिला. त्याच्या मेघाला दोन स्थळं पाहून गेली होती आणि दोन्हीकडून निरोप आला नव्हता. भिकुबाईची झोप उडालेली. तिसरे पाहुणे दोंडाईचाचे, जीवराम आबा, मुलाचे वडील. अकराला येणार होते, ते नऊलाच आले. वेचणीचे दिवस. चुडामण शेतात निघालेला, आणि आदल्या दिवशी ब्राझील हरलेलं.

पाहुणे ओट्यावर बसले. चुडामणला कपडे बदलायलाही सवड मिळाली नाही. पाहुण्यांसमोर सगळे शुद्ध बोलतात, तसं सुरू झालं. जीवराम आबा त्या शर्टाकडे बघतच राहिले. मग म्हणाले, "कोणत्या कंपनीचं बियाणं हे? आमच्याकडे आलेलं दिसत नाही. बोंडं कशी धरतात?"

आत भिकुबाईने पोह्यांचा झारा तसाच हातात धरला. माझ्या तोंडून निघून गेलं, "गुजरातचं आहे. चांगलं धरतं."

"मग आमच्यासाठी दोन थैल्या सांगून ठेवा," आबा म्हणाले.

मला वाटलं, निभावलं. चुडामण गप्प बसला असता तर काय बिघडलं असतं?

"वहिनींना माहीत नाही, आबा," तो म्हणाला. "हे बियाणं नाही. फुटबॉलचा शर्ट आहे, ब्राझीलचा. काल आमचे हरले, म्हणून घातला."

"हरले म्हणून?"

"हो."

"आणि जिंकले असते तर?"

"तर पेटीत राहिला असता."

आबांनी पोहे खाल्ले, चहा घेतला, मेघाला दोन प्रश्न विचारले आणि उठले. भिकुबाई आठ दिवस नवऱ्याशी बोलली नाही. मीही जरा घुश्शातच होते. माझं खोटं चारचौघांत उघडं पडलं होतं ना.

नवव्या दिवशी मध्यस्थ नवलभाऊ आला. जीवराम आबांचा निरोप असा: जो माणूस शर्टाबद्दल खोटं बोलत नाही, तो पोरीबद्दल काय लपवणार. मुलगी पसंत. फक्त लग्नात वधूपित्याने पांढरा सदरा घालावा.

चुडामणने घातला. मांडवात जाण्याआधी भिकुबाईने त्याच्या गळ्याचं बटण उघडून आत पाहून घेतलं.

त्यानंतर दर महिन्याला तो दोंडाईचाला जायचा. सकाळच्या एसटीने, पिशवीत पोरीसाठी काहीतरी. जीवराम आबा स्टँडवर घ्यायला यायचे आणि आधी शर्टाकडे बघायचे. पिवळा दिसला की म्हणायचे, "हरले वाटतं. चला, चहा घेऊ." व्याही-व्याही असे बोलताना मी दुसरीकडे पाहिले नाहीत.

मागच्या माघात चुडामण गेला. झोपेतच. आदल्या दिवशी तो दोंडाईचाला जाऊन आला होता. भरताची वांगी नेली होती, हिरवी, देठाला काटे असलेली, मीच निवडून दिलेली. संध्याकाळच्या गाडीने परतला. अंगात पिवळा शर्ट, धुऊन धुऊन ताकासारखा झालेला. माझ्या दाराशी थांबला, रिकामी पिशवी झटकली, घडी करून माझ्या हातात दिली.

"पोर बरी शे, वैनी," म्हणाला, आणि हातपाय धुवायला गेला.